देवाच्या दारी आपल्या मातीची झाडे

(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त सभामंडपात भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



महादेवाच्या कृपेने देवळाचे काम आता संपत आले आहे. गाभाऱ्याचा दगड धुऊन निघाला, शिखराला रंग लागला, सभामंडपावर नवा स्लॅब पडला. या कामी ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी अंगमेहनत केली आणि ज्या माउलींनी कामकऱ्यांना रोज चहा-भाकर पुरविली, त्या सर्वांचे आभार अध्यक्ष मानतीलच. समितीने मला थोडा वेळ दिला आहे तो एका राहिलेल्या कामासाठी.

सभामंडपाच्या पूर्वेला आवारभिंतीलगत ४० फूट लांब व ८ फूट रुंद अशी एक पट्टी मोकळी आहे. तिच्या टोकाला जुनी बोर उभी आहे. या पट्टीचे आणि या बोरीचे काय करावयाचे, हा प्रश्न समितीपुढे आहे. एक मत असे की, बोर काढून सगळीकडे फरशी घालावी, म्हणजे लग्नकार्याला व गाड्या लावायला जागा होईल. दुसरे मत असे की, बाग करावी. माझे मत बागेच्या बाजूचे आहे. पण कोणती झाडे लावायची आणि ती उन्हाळ्यात कोण जगवणार, हे ठरल्याशिवाय नुसता बागेचा ठराव करण्यात अर्थ नाही. म्हणून चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

प्रथम बोरीविषयी. फळबागेच्या पुस्तकांत बोरीच्या जाती दिलेल्या असतात. उमराण, कडाका, गोला, बनारसी अशी नावे असतात, आणि त्याच ओळीत ‘मेहरूण’ हे नाव असते. आपल्या गावाच्या नावाने फळाची एक जात ओळखली जावी, हा मान महाराष्ट्रात किती गावांना मिळाला असेल? जळगावची केळी आणि भरिताची वांगी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण बोराला तर सबंध जिल्ह्याचे नव्हे, एकट्या मेहरूणचे नाव आहे.

आज मेहरूण जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शेते बिनशेती झाली, प्लॉट पडले, कॉलन्या उठल्या. यात मी कोणाचा दोष काढीत नाही. लेकरांची शिक्षणे, लेकींची लग्ने, दवाखाना यांसाठी लोकांनी जमिनी दिल्या. मी कचेरीतला कारकून. एवढेच सांगू शकतो की बिनशेतीच्या कागदावर क्षेत्र येते, चतुःसीमा येतात, पण त्या शेताच्या बांधावर कोणत्या गोडीची बोर होती हे कोणत्याही रकान्यात येत नाही. झाड गेले की त्याची नोंदही गेली.

आणि बोरीच्या बाबतीत एक अडचण आहे. आंब्याच्या कोयीप्रमाणेच बोराच्या बीपासून उगवलेले झाड आईसारखेच फळ देईल याचा भरवसा नसतो. जात टिकवायची तर गावठी बोरीवर चांगल्या झाडाचा डोळा भरावा लागतो. म्हणजे डोळा घेण्यासाठी मूळ झाड उभे पाहिजे. आपल्या आवारातील बोर ही जुन्या मेहरूणी बोरांपैकीच आहे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ती तोडली तर दोन गाड्यांची जागा होईल हे खरे. पण ती उभी राहिली तर तिच्या एकेका फांदीवरून कितीतरी डोळे निघतील, आणि गावात ज्याच्या अंगणात जागा आहे त्याच्या दारी मेहरूणची बोर पुन्हा लागेल. एकदा तोडल्यावर मात्र पैसे मोजूनही ती परत मिळणार नाही.

कायद्याचेही लक्षात असू द्यावे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ अन्वये महापालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. तेव्हा कुऱ्हाड चालविणे हे दिसते तितके सोपे काम नाही.

आता पट्टीत काय लावावे ते पाहू. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, बोगनवेल आणि रोपवाटिकेतील रंगीत पानांच्या कुंड्या येतात. दिसायला ते छानच. पण आपल्याकडील हवा कशी आहे? पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा हवेत हिरवळ जगवायची तर रोज पाणी पाहिजे, आणि ज्या महिन्यात माणसांना पिण्याचे पाणी जपून वापरावे लागते त्या महिन्यात देवळाने गवतावर पाणी ओतणे बरे दिसणार नाही.

आपल्या मातीतील झाडांचे तसे नाही. त्यांनी आपला उन्हाळा ओळखलेला असतो. बोर तर उन्हाळ्यात पाने गाळून अंग चोरून उभी राहते आणि पावसाळ्यात पुन्हा फुटते. तिचे मूळ खोल जाते. आपटा, बेल, शमी, निर्गुंडी, अडुळसा, कोरांटी यांची मुळे एकदा धरली की ती आपल्या बळावर उभी राहतात. पहिली तीन वर्षे मात्र त्यांना पाणी द्यावेच लागते, त्यात सुटका नाही.

दुसरी गोष्ट पूजेची. गणेशचतुर्थीला आपण २१ पत्री वाहतो. बेल, तुळस, दूर्वा, शमी, आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली, कण्हेर, हादगा, अर्जुन, जाई अशी ती यादी आहे, आणि मेहरूणकरांनी ध्यानात ठेवावे की त्या यादीत बोरीचे पानही आहे. यातील देवदार हिमालयातला आणि केवडा खाडीकाठचा; ती आपल्याकडे यायची नाहीत. बाकीची बहुतेक आपल्या शिवारात उगवणारी. पण आज चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीची जुडी घेतो तेव्हा तिच्यात कोणते पान कशाचे, हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पाने खपतात. शमी म्हणून वेड्या बाभळीची डहाळी हातात पडते, आणि ती बाभूळ तर अमेरिकेतून आलेली. मुलांना पान ओळखता यावे अशी एक जागा गावात असावी, आणि ती देवळाच्या आवारात असावी यापरते चांगले काय?

येथे एक खुलासा करतो. आपले आणि परके यावरून मी भांडण लावीत नाही. झेंडू मेक्सिकोकडचा, गुलमोहर मादागास्करचा, देवळोदेवळी दिसणारा खुरचाफासुद्धा अमेरिका खंडातला. पत्रीच्या यादीतील डाळिंब इराणकडून आले आणि मरवाही पश्चिमेकडील देशांचा. देवाने त्यांना परत पाठविले नाही, आपण कोण पाठविणार? दसऱ्याचा झेंडू आपण लावूच. पण झेंडू हंगामी आहे, त्याची जागा कडेला. पट्टीतील कायमची जागा मात्र आपल्या मातीतील झाडांना द्यावी, कारण आपल्या किड्या-पाखरांचे पोट त्यांच्यावर आहे. बेलाच्या कोवळ्या पानांवर एक फुलपाखरू अंडी घालते. त्याची अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. रुईवर तांबूस पंखांचे दुसरे फुलपाखरू वाढते. अळीने बेलाची चार पाने खाल्ली म्हणून लगेच फवारणीचा पंप आणू नये. झाड पुन्हा फुटते, आणि ज्या पानावर विष मारले ते पान पिंडीवर वाहायचे हेही योग्य नव्हे.

आता प्रत्यक्ष आखणी. आपली जमीन काळी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून झाडांचे पाणी देवळाच्या पायाशी मुरता कामा नये, नाहीतर नव्या बांधकामाला तडे जायचे. पट्टी आवारभिंतीकडे आहे, मंडपापासून दूर आहे, हे चांगलेच आहे. आवारभिंतीचाही पाया जपावा म्हणून रोपे भिंतीपासून निदान दोन फूट आत घ्यावीत आणि पाण्याचा उतार देवळाकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला ठेवावा. वड, पिंपळ, उंबर ही देवाची झाडे खरी, पण त्यांची मुळे दगड फोडतात. ती आवारात नकोत, तलावाकडे मोकळ्या जागेत लावावीत. शिखराच्या सांधीत पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो, तो दरवर्षी पावसाळ्यानंतर बोटभर असतानाच काढावा.

बांधकामाचा चुना, सिमेंट, खडी, विटांचे तुकडे हे सगळे त्या पट्टीत पडले आहे. ते दीड-दोन फूट खोल खणून बाहेर काढल्याशिवाय एकही रोप लावू नये. त्या जागी शेतातील चांगली माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग आणि थोडी वाळू मिसळून भरावी. वाफा जमिनीपासून नऊ इंच उंच ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. खड्डे मे महिन्यात खणून उन्हाने तापू द्यावेत आणि लागवड मृगाचा एक-दोन चांगला पाऊस झाल्यावर करावी.

पट्टीच्या एका टोकाला जुनी बोर आहेच. तिच्या बुंध्यापासून सर्व बाजूंनी निदान चार फूट खणू नये, मुळे तुटतील. तिच्याखालच्या सावलीत रोपे न लावता तेवढी जागा मोकळीच ठेवावी. दुसऱ्या टोकाला एक बेल. मधल्या जागेत भिंतीकडच्या ओळीला सहा-सहा फुटांवर चार मोठी झुडपे: पारिजातक, तगर, निर्गुंडी, अडुळसा. त्यांच्या पुढच्या ओळीला तीन-तीन फुटांवर आठ लहान झुडपे: कोरांटी तीन, मोगरा तीन, कुंद दोन. सर्वांत पुढे तुळस, विष्णुक्रांत, कोरफड. माक्याला ओल लागते, तो नळाजवळ लावावा. आपटा आणि शमी यांना या पट्टीत जागा पुरणार नाही, ती दोन्ही प्रवेशद्वाराबाहेर दोन बाजूंना लावावीत.

दूर्वेविषयी शेतकरी बंधूंना सांगायला नको. दूर्वा म्हणजे आपली हरळीच. मोकळी सोडली तर दोन पावसाळ्यांत सगळा वाफा खाऊन टाकील. म्हणून तिला विटांचा वेगळा चौकोन बांधावा, विटा जमिनीत नऊ इंच खोल रोवाव्या.

कण्हेर, धोत्रा आणि रुई पूजेला चालतात, पण तिन्ही विषारी. धोत्र्याच्या बिया पोटात जाणे घातक, रुईचा चीक डोळ्यांत जाणे वाईट. जेथे लहान मुले खेळतात तेथे ही लावू नयेत. शिवारात बांधावर ती आहेत, पूजेपुरती तेथून आणावीत.

आता राखणे, आणि खरी गोम येथेच आहे. झाडे लावण्याचा कार्यक्रम सर्वत्र होतो, फोटो निघतो, नारळ फुटतो. पुढच्या आखाजीला जाऊन पाहावे तर खड्डे शिल्लक असतात. म्हणून मी आधी हिशेब करून आणला आहे. बेल एक, मोठी झुडपे चार, लहान झुडपे आठ आणि बाहेरचे आपटा व शमी मिळून १५ रोपे होतात. प्रत्येकाला अर्धी बादली धरली तर एका पाळीला साडेसात बादल्या, म्हणजे साधारण ११० लिटर पाणी. पुढच्या वाफ्याची तुळस वगैरे धरून दहा बादल्या समजा. पावसाळा संपल्यावर फाल्गुनापर्यंत आठवड्यातून एकदा, आणि तेथून मृग लागेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी एक पाळी. म्हणजे कडक उन्हाळ्यात महिन्याला दहा पाळ्या. दहा घरांनी एकेक पाळी उचलली तर एका घराच्या वाट्याला महिन्यातून एक दिवस आणि दहा बादल्या येतात. एवढे काम जड नाही. दुसऱ्या वर्षी ते निम्म्यावर येईल, तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा पुरेल. त्यानंतर मोगरा, कुंद, तुळस आणि माका सोडल्यास बाकीची झाडे स्वतःचे स्वतः पाहतील.

पाणी वाचविण्याचे आपले जुने उपायही आहेत. रोपाशेजारी सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर पाणी हळूहळू पाझरते. बुंध्याभोवती पालापाचोळा, केळीची वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरले की ओल टिकते. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा आडोसा करावा. बकऱ्यांसाठी बोराटीच्या काट्यांचे कुंपण पुरे. देवळात येणाऱ्यांचे पाय धुण्याचे पाणी नालीत न सोडता पन्हळाने वाफ्यात घ्यावे. अभिषेकाचे पाणी मात्र थेट नको. त्यात दूध, दही, साखर असते, त्याने मुंग्या लागतात आणि माती आंबते. ते आधी खडी-वाळूच्या शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. निर्माल्यातील दोरा, प्लॅस्टिक, अगरबत्तीच्या काड्या वेगळ्या काढून उरलेल्या फुलापानांचे खत करावे. देवाची फुले देवाच्याच झाडांना मिळतील.

बोरीची छाटणी उन्हाळ्यात पाने गळाल्यावर करावी, कारण बोर नव्या फुटीवर फळते. किडकी पडलेली बोरे वेचून खोल पुरावीत, तेथेच कुजू दिली तर माशीचा उपद्रव पुढच्या वर्षी वाढतो. जातिवंत रोपांसाठी यंदाच गावठी बोराच्या बिया पिशव्यांत लावाव्यात. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगतील त्या फेकाव्या, बुडतील त्या घ्याव्या. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात जाणत्या माणसाकडून त्यावर आपल्या बोरीचा डोळा भरून घ्यावा.

आता देणगीदारांविषयी, आणि हे बोलताना कोणी राग मानू नये. फरशीला देणगी लवकर मिळते, कारण फरशीवर नाव कोरता येते. रोपावर नाव कोरता येत नाही. हे मी समजू शकतो. कोणी आईच्या नावाने देतो, कोणी गेलेल्या मुलाच्या नावाने, आणि ते नाव डोळ्यांना दिसावे असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. म्हणून माझी सूचना अशी की देवळात एक झाडांची नोंदवही ठेवावी. कचेरीत बारनिशी असते, आलेला कागद तिच्यात चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. तशीच ही वही. रकाने पाच: झाडाचे नाव, लावल्याची तारीख, कोणाच्या स्मरणार्थ, पाणी घालणाऱ्याची सही, आणि शेरा. झाड मेले तर शेऱ्यात तसे स्पष्ट लिहावे आणि पुढच्या मृगात त्याच नावाने दुसरे लावावे. वही दर पौर्णिमेला आरतीनंतर वाचून दाखवावी. फरशीवरचे नाव पायाखाली झिजते. वहीतले नाव दर महिन्याला सर्वांच्या कानी पडेल.

ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला देण्यात आले, त्या येथून जवळच असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण शेत, झाड, पाखरू त्यांना नावानिशी ठाऊक होते. आपली मुले लिहितात, वाचतात, मोबाइलवर सगळे जग पाहतात; परंतु संक्रांतीच्या सुगडात आणि बोरन्हाणात जे फळ पडते आणि शिवरात्रीला महादेवापुढे जे ठेवतो, त्याला मेहरूणचे नाव का आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्यासाठी दाखवायला झाड तरी हवे.

सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, पूर्वेकडील पट्टीवर फरशी घालू नये आणि बोर आहे तेथेच ठेवावी. दोन, येत्या मृगात वर सांगितल्याप्रमाणे लागवड करावी. रोपांसाठी सामाजिक वनीकरण किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेकडे समितीने आताच अर्ज द्यावा. तीन, आज सभा उठण्यापूर्वी दहा घरांनी वहीत पाळीसाठी नावे द्यावीत. दहा नावे आली नाहीत, तर बागेचा ठराव करू नये, असे माझे प्रांजळ मत आहे. पाण्यावाचून मारण्यासाठी रोपे लावणे हे पुण्याचे काम नव्हे.

आखाजीला आपल्याकडे घरोघरी घागर भरतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. त्याच दिवशी प्रत्येक घराने एक जादा घागर या वाफ्यात आणून ओतावी, अशी प्रथा पडली तर वर्षातील सर्वांत कठीण पंधरवडा निभावून जाईल.

वही आणि पेन येथे टेबलावर ठेवले आहे. 

हर हर महादेव!